सापळ्यातले पतंग मोजणारं ॲप अन् तुमच्या फोनचा प्रोसेसर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं ॲप एकच काम करते. कपाशीच्या वावरात लावलेल्या कामगंध सापळ्याचा फोटो काढा, त्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग किती अडकले ते मोजून सांगते. नेट लागत नाही, सगळं गणित फोनमध्येच होते, अन् म्हणूनच फोनच्या प्रोसेसरचा एवढा विषय निघते. प्रश्न दोन बाजूंनी येतात, एक वावरातून अन् दुसरे कॉलेजच्या पोट्ट्यांकडून ज्यांना असंच काही बनवायचं आहे. दोघांची उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवली, जे कामाचं नाही ते सोडून द्या.

ॲप पहिल्यांदा उघडलं की "फोन तपासून राहिलो" असं काहून दाखवते? माझी माहिती कुठं जाते का?

कुठंच जात नाही भाऊ. ॲप फक्त एवढं पाहते की प्रोसेसरला कोणकोणत्या आज्ञा समजतात, कोर (प्रोसेसरमधले काम करणारे हात) किती अन् कसे, रॅम किती. याला कोणती परमिशन पण लागत नाही. खरं सांगायचं तर हे ओळखायला डोळ्याची पापणी लवायचाही वेळ लागत नाही, जे दीड-दोन सेकंद जातात ते आम्ही ॲपमध्येच ठेवलेला एक नमुना फोटो मोजून पाहतो त्यात जातात. उत्तर फोनमध्येच साठवतो, मग दुसऱ्या वेळी विचारायचं काम नाही.

माझ्या अन् माझ्या चुलतभावाच्या फोनला, दोघाले पण आठ कोर आहेत. त्याचा फोटो एका झटक्यात होते, माझा चक्र फिरवत बसते. असं काहून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येते. वेचणीला आठ जण लावले म्हणजे संध्याकाळी सगळ्यांची गाठोडी सारखी भरत नाही ना, तसंच आहे हे. खोक्यावर नुसतं "ऑक्टा-कोर" लिहिलेलं असते, कोणाचा हात किती चालते ते कोणी लिहीत नाही. स्वस्त फोनमध्ये बरेचदा आठही कोर कॉर्टेक्स-ए५३ असतात, हे डिझाईन फोनच्या प्रोसेसरची डिझाईनं बनवणाऱ्या आर्म कंपनीनं २०१२ मध्ये जाहीर केलेलं. दुसऱ्या फोनमध्ये दोन कोर ए७६ असतात अन् सहा ए५५ (दोन्ही आर्मचीच नवी डिझाईनं), मोजणीला आठच.

पण आमच्या कामात खरा फरक नुसत्या वेगानं पडत नाही, एका आज्ञेनं पडते. फोटोतला पतंग ओळखायचा म्हणजे लाखो लहान लहान गुणाकार अन् त्यांची बेरीज. आर्मच्या नव्या कोरमध्ये "डॉट प्रॉडक्ट" नावाची आज्ञा आहे, ती एका फटक्यात आठ बिटांच्या आकड्यांचे १६ गुणाकार करून बेरीज पण मारून देते. ए५३ ला ही आज्ञा येतच नाही, त्याला तेच काम दोन-तीन पायऱ्यांत करावं लागते. चुलतभावाच्या फोनला येते, तुमच्या फोनला येत नाही, बस एवढंच. उत्तर दोघांचं सारखंच येईल, तुमचं थोडं उशिरा.

मग नवीन फोन घेतला की ही आज्ञा असतेच का?

नाही ना बाप्पा, इथंच तर लोक फसतात. ही आज्ञा आर्मच्या आज्ञासंचाच्या ८.२ आवृत्तीत ऐच्छिक म्हणून आली, म्हणजे चिप बनवणाऱ्याची मर्जी, अन् सक्तीची झाली ८.४ पासून. आता दोन चिपा पाहा. डायमेन्सिटी ७०० ही २०२० ची, तिच्यात ए७६ अन् ए५५ आहेत, ही आज्ञा आहे. स्नॅपड्रॅगन ६८० ही २०२१ ची, म्हणजे वर्षभर नवी, पण तिच्यात ए७३ अन् ए५३ आहेत, जुन्या ८.० च्या घरातले, म्हणून नाही. वर्ष पाहून ठरवलं असतं तर उलटंच झालं असतं.

आम्ही फोनच्या मॉडेलची यादी बनवून त्यावरून ठरवलं तर चालते का? सोपं पडते.

आम्ही पण आधी तेच केलं होतं. एक्सेलची शीट, एका कॉलममध्ये फोनचं नाव अन् दुसऱ्यात "फास्ट" किंवा "स्लो". पहिल्या हंगामात बरं वाटलं, दुसऱ्या हंगामात बाजारात नवे फोन आले अन् यादीत नसलेला प्रत्येक फोन "स्लो" मध्ये जाऊन पडला, लोक म्हणत नवा फोन घेतला तर ॲप अजूनच रेंगाळते. शिवाय एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या चिपा टाकून विकतात, सॅमसंगची गॅलेक्सी एस मालिका तर एक्सिनॉस अन् स्नॅपड्रॅगन अशा दोन्ही चिपांत कित्येक वर्षं निघाली. चिपचं नाव अँड्रॉईड स्वतः सांगते पण ते अँड्रॉईड १२ पासून, आपल्याकडचे पुष्कळ फोन त्याच्या आधीचे. अन् नाव कळलं तरी ते नावच आहे. माणूस कामावर ठेवताना आडनाव विचारता का ट्रॅक्टर चालवता येते का ते विचारता? दुसरं विचारा.

ठीक, पण विचारायचं कोणाले?

कर्नलला, म्हणजे अँड्रॉईडच्या तळाशी बसून प्रोसेसर हाताळणाऱ्या प्रोग्रॅमला. फोन चालू होताना कर्नलनं प्रोसेसरची सगळी तपासणी करून ठेवलेली असते, आपण फक्त त्याची चिठ्ठी वाचायची. सी किंवा सी++ मधून गेट-ऑक्स-व्हॅल हे फंक्शन बोलवा, त्याला एचडब्ल्यूकॅप (प्रोसेसरच्या क्षमतांची यादी) मागा, तो एक मोठा आकडा देते अन् त्या आकड्यातला एकेक बिट म्हणजे एकेक क्षमता. डॉट प्रॉडक्टचा बिट लागला का पाहायचं, झालं. एनडीकेमध्ये (अँड्रॉईडसाठी सी, सी++ लिहायची गूगलची साधनपेटी) हे फंक्शन अँड्रॉईड ४.३ पासून आहे. हातानं बिट मोजायचा कंटाळा असेल तर गूगलची सीपीयू-फीचर्स नावाची ओपन सोर्स लायब्ररी आहे, ती वापरा. एनडीकेसोबत पूर्वी मिळायची तिचं पण नाव जवळपास हेच, पण ती जुनी झाली, नवीन कामाला घेऊ नका.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर फोन लॅपटॉपला लावा अन् एडीबीतून (लॅपटॉपवरून फोनला हुकूम देणारं साधन) प्रोक फोल्डरमधली सीपीयूइन्फो फाईल उघडा. "फीचर्स" नावाची ओळ दिसेल अन् त्यात एफपी, एएसआयएमडी, एईएस, सीआरसी३२ असे तुकडे एकामागोमाग. शेवटाकडे एएसआयएमडीडीपी दिसलं तर डॉट प्रॉडक्ट आहे. पाहायला ही फाईल मस्त, पण ॲपमध्ये हीच वाचून निर्णय घेऊ नका, कारण तिची मांडणी फोनागणिक बदलते अन् ३२ बिट ॲपला त्यात शब्दच वेगळे दिसू शकतात, एका आज्ञेत अनेक आकडे हाताळायच्या सोयीला तिथं एएसआयएमडी न म्हणता निऑन म्हणतात.

निऑन तपासावं लागते का?

आता नाही. ६४ बिट अँड्रॉईडवर ते असतेच. हा तपास आला तो २०११ च्या आसपासच्या टेग्रा २ चिपवाल्या टॅबलेटांमुळे, त्यांच्यात निऑन नव्हतं. एनडीकेनं आर२१ पासून ३२ बिटांसाठी पण निऑन चालूच धरलं आहे.

माझ्या फोनच्या खोक्यावर ६४ बिट लिहिलं आहे, तरी तुमचं ॲप ३२ बिट म्हणून राहिलं. चुकलं का?

ॲप बरोबर आहे, खोकं पण बरोबर आहे. कमी रॅमच्या पुष्कळ फोनमध्ये प्रोसेसर ६४ बिटांचा असते पण वर टाकलेलं अँड्रॉईड ३२ बिटांचं, म्हणजे आठ बैलांची गाडी अन् जुंपले चारच. कारण रॅम वाचते. म्हणून प्रोसेसर काय आहे ते पाहून चालत नाही, अँड्रॉईड काय चालवू देते ते पाहा : अँड्रॉईडच्या बिल्ड क्लासमध्ये सपोर्टेड-एबीआयज म्हणून यादी (कोणत्या प्रकारचा कोड चालते त्याची) मिळते, पसंतीच्या क्रमानं, पहिलं नाव तेच खरं. प्ले स्टोअरनं १ ऑगस्ट २०१९ पासून ६४ बिट सक्तीचं केलं, पण त्याचा अर्थ ३२ काढून टाका असा नव्हता, "सोबत ६४ पण द्या" असा होता. आमच्यातल्या एकानं तो चुकीचा वाचला अन् ॲपची साईझ कमी करायला ३२ बिटांचा भाग काढला. दोन दिवसांत फोन सुरू झाले, दादा तुमचं ॲप स्टोअरमध्ये दिसूनच नाही राहिलं.

मित्रानं ब्लूटूथनं ॲप पाठवलं, इन्स्टॉल झालं पण उघडल्या उघडल्या बंद पडते.

गावात ॲप असंच फिरते, आम्हाला आधी लक्षातच नाही आलं. प्ले स्टोअर आता प्रत्येक फोनला त्याच्या पुरताच तुकडा देते, ६४ बिटवाल्याला ६४ चा, ३२ वाल्याला ३२ चा. मित्राच्या फोनमधून निघालेली फाईल म्हणजे नुसता वरचा सांगाडा असू शकते, गणित करणारी लायब्ररी दुसऱ्या तुकड्यात मागंच राहिली. म्हणून आम्ही आता "मित्राला पाठवा" असं बटण ॲपमध्येच दिलं, त्यातून दोन्ही प्रकारची लायब्ररी असलेली पूर्ण फाईल जाते. जड आहे, पण चालते. तेच वापरा.

आमच्या ॲपमध्ये आम्ही क्षमता तपासतो, मगच फास्ट फंक्शन बोलवतो. तरी जुन्या फोनवर क्रॅश होते, सिगिल येते. काय चुकते?

बसा, हे नीट सांगतो, कारण यात आमचा एक आख्खा पोळा गेला, घरी बैल सजले होते अन् मी लॅपटॉपपुढं.

सिगिल म्हणजे प्रोसेसर म्हणते मला ही आज्ञा समजली नाही. तुम्ही काय केलं असेल ते मी सांगतो. पूर्ण प्रोजेक्टला कंपायलरचं (आपल्या कोडच्या प्रोसेसरला समजतील अशा आज्ञा बनवणारं साधन) ८.२ अधिक डॉट प्रॉड असं फ्लॅग लावलं असेल. मग कंपायलरला वाटते सगळीकडे नवीन आज्ञा वापरायची मोकळीक आहे, अन् तो तुमच्या तपासणीच्या आधीच्या कोडमध्ये पण त्या पेरून ठेवते. तर पहिलं काम, फास्ट कोड वेगळ्या फाईलमध्ये काढा अन् फ्लॅग फक्त त्याच फाईलला लावा.

आम्ही हे केलं होतं. तरी क्रॅश. एकाच काकांचा फोन, ए५३ वाला, बाकी सगळीकडे बरोबर. तीन दिवसांनी सापडलं ते असं : त्या वेगळ्या फाईलमध्ये आम्ही एक साधी हेडर (बऱ्याच फाईलींत सामाईक घ्यायचा कोड) घेतली होती, त्यात दोन आकड्यांतला मोठा कोणता असली बारीकशी इनलाईन फंक्शनं होती. तीच हेडर बाकीच्या फाईलींत पण. आता कंपायलरनं त्या फंक्शनच्या दोन प्रती बनवल्या, एक साधी अन् एक नवीन आज्ञांवाली, अन् लिंकर (सगळे तुकडे जोडणारा) दोन्ही सारख्याच नावाच्या पाहून एकच ठेवते, दुसरी फेकते. त्यानं ठेवली नेमकी नवीनवाली. म्हणजे फास्ट फाईलमधलं बियाणं उडून साध्या वावरात उगवलं. तेव्हापासून नियम केला, त्या फाईलमध्ये बाहेरची कोणतीच हेडर नाही, टेम्पलेट नाही, जे लागते ते स्टॅटिक करून तिथंच लिहायचं. अन् ॲप सुरू होताना एकदाच तपासून एका फंक्शन पॉइंटरमध्ये साधा किंवा फास्ट रस्ता बसवून टाकायचा, दर गुणाकाराला "आहे का, आहे का" विचारत बसायचं नाही.

कर्नल सांगते ते नेहमी खरंच असते का?

जवळपास नेहमी. पण एक किस्सा माहीत असू द्या. २०१८ च्या एक्सिनॉस ९८१० मध्ये लहान कोर ए५५ होते, नव्या घरातले, अन् मोठे कोर सॅमसंगचे स्वतःचे, ते ८.० चे. कर्नलनं सांगितलं अ‍ॅटॉमिकच्या (दोन कोर एकाच आकड्यावर भांडू नये म्हणून असलेल्या) नव्या आज्ञा आहेत, लहान कोरवर त्या चालत अन् काम उचलून मोठ्या कोरवर गेलं की सिगिल. गो भाषेतले प्रोग्रॅम त्यामुळं पडायचे. त्याच्या आधी एक्सिनॉस ८८९० वर वेगळीच गंमत, मोठ्या कोरची कॅशची (प्रोसेसरजवळच्या छोट्या मेमरीची) ओळ १२८ बाईटची अन् लहानाची ६४ ची, मोनो नावाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लोकांनी ते २०१६ मध्ये शोधून काढलं. आम्ही यावरून एवढंच घेतलं की पहिल्यांदा फास्ट रस्ता वापरायच्या आधी एक खूण फाईलीत लिहून ठेवायची, काम सुखरूप झालं की खूण पुसायची. पुढच्या वेळी ॲप उघडल्यावर खूण तशीच दिसली म्हणजे मागच्या वेळी मधातच पडलं होतं, मग गुमान साधा रस्ता धरायचा.

थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे भाग) किती लावायचे? आठ कोर तर आठ थ्रेड?

नको. मोठे कोर आपलं काम संपवून लहानांची वाट पाहत बसतात, आठवा थ्रेड बहुतेक वेळा उलटा महागात पडते. सिस फोल्डरमध्ये प्रत्येक कोरची जास्तीत जास्त फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते, किलोहर्ट्झमध्ये, ती वाचून मोठे कोर किती ते काढा अन् तितकेच थ्रेड लावा. सगळे सारखे निघाले तर आम्ही चार लावतो. जुन्या फोनवर जावाचं अव्हेलेबल-प्रोसेसर्स कधी चार सांगते कधी दोन, कारण फोन बॅटरी वाचवायला कोर झोपवून ठेवते.

सकाळी ॲप फास्ट चालते, दुपारी तेच ॲप स्लो. फोन तर तोच आहे.

फोन तोच आहे पण ऊन तेच नाही ना राजेहो! ऑक्टोबर हीटमध्ये शर्टाच्या खिशात किंवा गाडीच्या हँडलला लावलेला फोन आधीच तापलेला असते, त्यात कॅमेरा चालू, स्क्रीनचा ब्राईटनेस पूर्ण, मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करते. कागदावर क्षमता कितीही असो, तापलेला ए७६ काही कामाचा नाही. म्हणून हे दोन प्रश्न वेगळे ठेवा : काय काय येते हे एकदाच विचारायचं, अन् आता दमला का हे दर वेळी विचारायचं. अँड्रॉईड १० पासून पॉवर मॅनेजर तापाची पायरी सांगते, काही नाही, हलका, मध्यम, तीव्र अशी वर वर. मध्यमला आम्ही थ्रेड दोनवर आणतो, तीव्र दिसलं तर फोटो साठवून ठेवतो अन् सांगतो सावलीत गेल्यावर मोजू. तसंही सापळा पाहायचा तर सकाळीच पाहा, तुमच्या अन् फोनच्या, दोघांच्या तब्येतीला बरं.

जीपीयू (चित्रांसाठीचा प्रोसेसर), एनपीयू (एआयसाठीचा) काहून नाही वापरत?

करून पाहिलं. एका फोटोसाठी तयारीलाच जास्त वेळ जाते, अन् स्वस्त फोनचे ड्रायव्हर कधी काय करतील भरवसा नाही. एनएनएपीआय (अँड्रॉईडमधून ते वापरायची सोय) अँड्रॉईड ८.१ ला आलं अन् अँड्रॉईड १५ मध्ये गूगलनंच ते सोडून द्या म्हटलं. सीपीयू, म्हणजे आपला नेहमीचा प्रोसेसरच, बरा.

माझा फोन एक जीबी रॅमचा आहे, नवीन घ्यावा लागंल का?

अजिबात नाही. उलट प्रोसेसरच्या मागं लागण्याआधी आम्ही इथं लक्ष द्यायला पाहिजे होतं. १२ मेगापिक्सलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके, प्रत्येकाला चार बाईट, म्हणजे पूर्ण उघडला की ४.८ कोटी बाईट, जवळपास ४८ एमबी, अन् आमच्या जुन्या कोडमध्ये तो दोनदा उघडायचा. कमी रॅमच्या फोनवर तिथंच ॲप मरायचं अन् आम्ही बसलो डॉट प्रॉडक्ट शोधत. आता लो-रॅम आहे का ते अँड्रॉईडला विचारून फोटो उघडतानाच लहान करतो. खरं सांगतो, एवढ्या एका बदलानं जेवढे फोन सुधारले तेवढे बाकी सगळ्यानं मिळून नाही सुधारले.

फास्ट रस्त्यावर अन् साध्या रस्त्यावर मोजणी वेगळी येते का?

येऊ नये म्हणूनच आठ बिटांच्या पूर्णांकांवर थांबलो. पूर्णांकांची बेरीज कोणत्याही क्रमानं करा, उत्तर तेच. काही नव्या कोरमध्ये १६ बिटांचे दशांश पण फास्ट चालतात, मोह होते, पण तिथं क्रम बदलला की शेवटचा अंक हलते अन् उंबरठ्यावरचा एखादा पतंग कधी धरला जाते, कधी सुटते. तुम्ही म्हणाल एका पतंगानं काय होते. बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी आहे सलग तीन रात्री सापळ्यामागं दर रात्री आठ पतंग. एका फोननं सात म्हटलं अन् शेजारच्या फोननं आठ, तर एक जण फवारणी करते, दुसरा करत नाही. तो हिशेब आमच्या अंगावर नको.

इतके फोन टेस्टिंगसाठी आणले कुठून?

आणले नाही. लॅपटॉपवरचा एमुलेटर इंटेलचा, तो आर्मबद्दल काही सांगू शकत नाही. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावात मोबाईल रिपेअरवाल्याच्या काउंटरच्या कोपऱ्यावर बसतो, रिचार्जला आलेल्या माणसाला विचारून फोनवर दोन मिनिटं चाचणी चालवतो, अन् दुकानवाल्याला चहा पाजतो. डिस्प्लेला सेलोटेप लावलेला फोन, मागचं झाकण नसलेला फोन, अशाच फोनांनी आमचे सगळ्यात जास्त बग पकडून दिले. बाकी, आमच्या बिल्डमध्ये एक लपवलेलं बटण आहे, नवा फोन पण जुना असल्यासारखा साध्या रस्त्यानं चालवते, ते तुम्ही पण ठेवाच.

आयफोनवर कधी?

आमच्या गावात आयफोन वावरात नेणारा कोणी सापडला नाही. तिथं विचारायची पद्धत वेगळी आहे, सिसकंट्रोल-बाय-नेम म्हणतात, मागणी आली तर पाहू.

फोनला अपडेट आलं, तपासणी परत करावी लागते का?

ॲप स्वतःच करते. अँड्रॉईडचा बिल्ड फिंगरप्रिंट (कोणतं अँड्रॉईड टाकलं आहे त्याची खूण) बदलला की जुनं उत्तर फेकून परत तपासते, कारण अपडेटमध्ये कर्नल पण बदललेला असू शकते. तुम्हाला हातानं करायची तर सेटिंगमध्ये सगळ्यात खाली "फोन परत तपासा" आहे, दाबायच्या आधी फोन थोडा थंड होऊ द्या, नाहीतर गरम फोनचाच वेग लिहून ठेवेल.